कळस काढा, पण जपून

बेळगावात राहून देवळाचं, बस्तीचं (म्हणजे जैन मंदिराचं), मशिदीचं चित्र काढायचं मनात आलंय? काढा की! चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या गावात तयार हातांना तोटा नाही. फक्त चित्रात ऊन पाडा, प्रश्न पाडू नका.

सुरुवात किल्ल्यातल्या कमल बस्तीपासून करा. रट्ट राजांचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधलेली. छतातलं दगडी कमळ पाकळी न् पाकळी काढा, जलरंगात छान खुलतं. पण देव मंत्र्याच्या खर्चाने तटबंदीच्या आत राहायला आला, हे चित्रात दिसता कामा नये. तट गाळा. नाहीतर झाड लावा पुढं.

मग आदिलशाही सरदार असदखानाची सफा मशीद. आत जुने लेख कोरलेले खांब आहेत. तिथं पेन्सिल आवरा! खांब काढलात तर एकजण म्हणेल, ‘बघा, आमचा दगड.’ दुसरा म्हणेल, ‘हे मुद्दाम काढलंय.’ दगडाला कोण विचारतो? तो आपला शतकानुशतकं छप्पर उचलून उभा आहे, ज्याचं असेल त्याचं.

एवढ्यात हायवेवरून सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटकाचं इथलं विधानभवन, दिसेल. २०१२ साली उद्घाटन झालेला. घुमट, खांब, पायऱ्या, कामासाठी आलेली वाकलेली माणसं. हे कुठंतरी बघितल्यासारखं वाटेल. वाटू द्या, काढू नका. बेंगळुरूच्या थोरल्या विधानसौधावर तर ‘सरकारचं काम हे देवाचं काम’ असं कोरलेलंच आहे. जो टोमणा तुम्ही महिनाभर तैलरंगात घोटणार, तो सरकारी बांधकाम खात्याने कधीच दगडात करून ठेवलाय.

चित्राखाली गावाचं नाव घालताना सांभाळा. ‘बेळगाव’ लिहिलं तर एक टोळकं येईल; ‘बेळगावी’ लिहिलं तर घरचेच जेवायला वाढणार नाहीत. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तुमच्या पाटीने तो सुटायचा नाही. ‘एक प्राचीन वास्तू, सायंकाळ’ एवढं पुरे. भाषा? नुसती सही करा, तीही वाचता न येणारी.

प्रदर्शनाला पुढाऱ्याला बोलवा, कुंदा ठेवा. चित्र आवडलं तर ते त्यांच्या कचेरीत, खुर्चीमागं लागेल. म्हणून आधीच टेप घेऊन जा आणि खुर्चीची उंची मोजून घ्या. साहेब बसले की कळस बरोबर त्यांच्या डोक्यावर आला पाहिजे.