चौथी खाच

यवतेश्वरच्या घाटात मी मोटरसायकलचं हँडल वळवायचो तेव्हा पुढचं चाक ऐकायचं. मागचं मात्र आधी उलट दिशेला एक डुलकी घ्यायचं आणि मग नाइलाजाने मागे यायचं.

"गाडी हलत नाही, तू हलतोस," मागून अण्णा म्हणाले. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाशी वाद घालू नये. त्यातून तो आपला बाप असेल आणि शेजारी दरी असेल, तर नाहीच.

शेजारच्या काकांनी सीट दाबून "शॉकॉप्सर गेले" असा निकाल दिला. दाबून सोडल्यावर गाडीने एकदा वर येऊन गप्प बसायचं असतं. आमची तीन नमस्कार घालत होती. दोन्ही बाजूंनी तेलही गळत होतं. नवी जोडी घातली. नमस्कार थांबले, डुलकी तशीच. मागच्या चाकात हवा भरली, चेन सरळ केली. अण्णा म्हणाले, "तरी सांगत होतो."

शेवटी मेस्त्रींनी गाडी डबल स्टँडवर घेतली आणि मागचं चाक धरून डावी-उजवीकडे झटकलं. "चिमट्यावर हात ठेवा," मला म्हणाले. चिमटा म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे दांडे. नुसतं चाक हललं असतं तर बेअरिंग. इथे चाकाबरोबर अख्खा चिमटाच डोलत होता. म्हणजे चिमट्याच्या सांध्यातले बुश! शॉकॉप्सरच्या मानाने चिल्लर किंमत, आणि आम्ही आधी शॉकॉप्सर घेऊन बसलेलो.

बुश बदलून झाल्यावर मेस्त्रींनी सहज विचारलं, "अण्णा, वजन किती तुमचं?"

"त्र्याहत्तर."

"लग्नातलं," मी म्हणालो.

नव्या शॉकॉप्सरला पाच खाचा होत्या. खाच चढवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही, ती आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते, मागे माणूस बसल्यावर गाडीचं बूड कमी खचतं, असं मेस्त्रींनी दोनदा समजावलं. अण्णांनी एवढंच ऐकलं, की आपल्यापायी चौथी लागली.

त्या दिवसापासून रात्रीचा भात बंद. रोज संध्याकाळी फिरून आले, की साखरेचा रिपोर्ट विचारावा तसं विचारायचे, "अजून चौथीच का?"

रविवारी गाडी काढली तर वळणावर काहीतरी विचित्र वाटलं. उतरून वाकून पाहिलं. डावा शॉकॉप्सर दुसऱ्या खाचेवर, उजवा चौथ्या. डिकीतला पाना गायब.

घरी येऊन अण्णांसमोर उभा राहिलो. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो रे."