ओ दादा, लाईट!

मराठी माणूस रस्त्यावरच्या परक्या दुचाकीवाल्याची काळजी तीनच बाबतींत करतो: साइड स्टँड, ओढणी आणि लाईट. पहिल्या दोन बाबतींत तो खरोखर कुणाचा तरी जीव वाचवतो. तिसऱ्या बाबतीत तो भर दुपारी सिग्नलला शेजारी येऊन, पाची बोटं मिटून-उघडून, मोठ्या मायेने कळवतो की आपला दिवा जळतोय.

तो जळणारच. १ एप्रिल २०१७ पासून तयार झालेल्या दुचाकींना हेडलाईट बंद करायचं बटणच नाही. इंजिन सुरू झालं की दिवा लागतो, इंजिन बंद केलं की विझतो. मोटरसायकल समोरून अरुंद दिसते, दिवसाउजेडीही मोटारवाल्यांच्या नजरेतून सुटते, म्हणून केलेली ही सोय. नियम येऊन इतकी वर्षं झाली, तरी बोटांची उघडझाप थांबलेली नाही. सिग्नल सुटायच्या आत हे सगळं समजावून सांगणं कुणालाच जमणार नाही. माझ्या मते त्यातल्या त्यात बरा उपाय एकच: मान डोलवायची, डाव्या अंगठ्याने काहीतरी दाबल्यासारखं करायचं आणि पुढे निघायचं. सांगणाऱ्याला पुण्य मिळतं, आपल्याला शांतता.

अंधार पडला की हेच हितचिंतक समोरून येताना आपल्या डोळ्यांत अप्पर, म्हणजे लांबचा झोत मारतात, आणि आपण त्यांच्या. गंमत अशी की दोघांचीही प्रामाणिक समजूत असते, आपण डिपरवरच, म्हणजे खालच्या झोतावरच आहोत. ही समजूत तपासायला मीटरमध्ये एक निळा दिवा दिलेला असतो. निळा पेटला म्हणजे अप्पर चालू, एवढाच त्याचा अर्थ. पण पुष्कळांनी त्याला शोभेचा दिवा म्हणून मानून घेतलंय. रात्री मीटरवर निळं काहीतरी चमकलं की गाडी दहा-पंधरा हजारांनी महाग वाटते, हेही खरंच.

या सगळ्या भांडणाचं मूळ बल्बमधल्या एका एवढ्याशा पत्र्याच्या वाटीत आहे. साध्या गाडीत एचएस१ नावाचा ३५/३५ वॅटचा हॅलोजन असतो, बुलेटसारख्या दांडग्या गाडीत एच४, ६०/५५ वॅटचा. दोन्हींत काचेच्या आत दोन फिलामेंट. अप्परचं फिलामेंट बल्बमागच्या आरशाच्या, म्हणजे रिफ्लेक्टरच्या, बरोबर केंद्रबिंदूवर बसतं, म्हणून त्याचा उजेड सरळ लांब जातो. डिपरचं त्याच्या जरा पुढे असतं आणि त्याच्या खाली ती वाटी. वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडतच नाही. फक्त वरच्या अर्ध्यावर आपटून तो खाली रस्त्यावर येतो. समोरच्याचे डोळे वाचवायचं सगळं काम ही वाटी करते. तिला आजवर कुणी धन्यवाद दिल्याचं ऐकिवात नाही.

आता आपण काय करतो? उजेड कमी पडतो म्हणून पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांची नाना पेठ गाठतो आणि एलईडी बल्ब घेतो. खोक्यावर लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा असा असतो की तो खरा असता तर एका बल्बावर कबड्डीचे सामने झाले असते. हॅलोजनचा हिशेब साधा आहे: एचएस१ अप्परला साधारण ८२५ लुमेन देतो, डिपरला ५२५; एच४ अप्परला १६५०, डिपरला १०००. पण उजेड किती यापेक्षा तो नेमका कुठून निघतो, याला जास्त महत्त्व. रिफ्लेक्टर बनवणाऱ्याने सगळं गणित एका बारीक तारेच्या जागेवरून केलेलं असतं. एलईडीत त्या जागी जाड पट्टी येते, दोन्ही बाजूंना चिप्स चिकटवलेल्या, खाली वाटीची नक्कल. चिप्स मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे सरकल्या की गणित कोलमडतं, आणि रस्त्यावर पडायचा उजेड पिंपळाच्या शेंड्यावर जातो. मुंजा असेल तर त्याची सोय होते.

तरी ज्यांना एलईडीच हवा, त्यांनी निदान तो बसवताना पाहावं. चिप्सची तोंडं बरोबर डावी-उजवीकडे हवीत, वाटी खाली. बल्बच्या बुडाची कडी, म्हणजे कॉलर, फिरवून हे जुळवता येतं. न जुळवता कोंबला की डिपर आणि अप्पर यांत फरक फक्त बटणाच्या आवाजाचा उरतो. दुसरं, या बल्बांच्या मागे पंखा किंवा ॲल्युमिनियमचं बूड असतं, त्यावर मूळचं रबरी बूट, म्हणजे मागचं झाकण, बसत नाही. मग मेकॅनिक ते काढून खिशात घालतो. पहिल्या पावसाळ्यात हेडलाईटच्या आत पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात धूळ, आणि रिफ्लेक्टरचा मुलामा गेला की कुठलाही बल्ब लावा, उजेड देवघरातल्या समईइतकाच. तिसरं, रंग. हॅलोजन पिवळसर असतो, स्वस्त एलईडी निळसर पांढरा. कोरड्या रस्त्यावर पांढरा झकास दिसतो. ओल्या डांबरावर तो पडतो कुठे तेच कळत नाही, आणि जुलैमध्ये ताम्हिणीच्या धुक्यात समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

कायदा या बाबतीत भलताच नेमका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातला नियम १०६ सांगतो की दिव्याचा झोत असा खाली वळवलेला हवा की दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो माणूस दिपता कामा नये. हा माणूस कोण, याचा मी बराच विचार केलेला आहे. रात्रीच्या वेळी रस्त्याच्या मधोमध, आपल्या गाडीकडे तोंड करून तो का उभा आहे, हे नियमात कुठेच नाही. पण त्याची काळजी घेतली की बाकी सगळ्यांची आपोआप घेतली जाते.

ती घ्यायला बल्ब बदलावा लागत नाही. सपाट जागा, एक भिंत, खडू आणि स्क्रू-ड्रायव्हर पुरतात. आधी टायरमधली हवा बरोबर करावी. गाडी भिंतीसमोर पाच मीटरवर सरळ उभी करावी. स्टँडवर नाही, आपण वर बसून. दुसऱ्या कुणीतरी दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर त्या उंचीला आडवी रेघ मारावी. डिपर लावला की उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली यायला हवी. येत नसेल तर काही गाड्यांना हेडलाईटच्या खाली एक स्क्रू असतो तो फिरवायचा, काहींना दोन्ही बाजूंचे बोल्ट दहाच्या पान्याने सैल करून अख्खा दिवा वाकवायचा. दहा मिनिटांचं काम. अडचण एवढीच की सोसायटीची भिंत वापरावी लागते आणि खडूची रेघ पाहून सेक्रेटरी खाली येतात.

पाच सेंटिमीटरची एवढी मिजास का? दिवा एक मीटर उंचीवर आहे असं धरा. भिंतीवर कड रेघेच्या पाच सेंटिमीटर वर गेली, तर पन्नास मीटरवर तोच उजेड दीड मीटर उंच जातो. म्हणजे थेट जीपवाल्याच्या डोळ्यांत. तो जे बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही, हे आपलं नशीब.

आणि आता खरा घोटाळा. भिंतीसमोर आपण एकटे बसलेलो असतो. गावाला निघताना मागे मावशी बसतात, मावशींच्या मांडीवर तांदळाची पिशवी. गाडीचं बूड तीन सेंटिमीटर दबलं, आणि दोन चाकांमध्ये अंतर १.३ मीटरच्या आसपास असलं, तर दिव्याचं तोंड सव्वादोन टक्क्यांहून जास्त वर होतं. भिंतीच्या भाषेत साडेअकरा सेंटिमीटर. आपण मोठ्या मेहनतीने खाली आणलेले पाच-सात सेंटिमीटर मावशींनी बसल्या बसल्या संपवले आणि वर पाच-सहा उधारीवर घेतले. मागच्या शॉकॲब्सॉर्बरला खाचांची एक गोल रिंग असते, ती या प्रसंगासाठीच. डबलसीट लांब जायचं तर रिंग एक-दोन खाचा कडक करावी. मावशींना याचं कारण सांगू नये.

उजेड खरंच कमी पडतो, अशी तक्रार असणाऱ्यांनी बल्बवर खापर फोडण्याआधी मल्टिमीटर लावून पाहावा. इंजिन जरा रेस ठेवून आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजायचं, मग बल्बच्या होल्डरवर. कारखान्यातून आलेली वायर बारीक असते, तीच स्विचमधून फिरून येते, अर्थिंगच्या बोल्टला गंज चढलेला असतो. बॅटरीवर १३.५ आणि होल्डरवर १२ भरले, तर गेला दीडच व्होल्ट. पण उजेड तिसऱ्या हिश्श्याने गेलेला असतो, कारण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साडेतीन घाताच्या आसपास बदलतो. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी अर्थिंग घासून घ्यावं. तेवढ्याने भागलं नाही तर दोन रिले (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच), एक डिपरला, एक अप्परला. बॅटरीवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून बल्बला. जुन्या होल्डरच्या वायरी ८५-८६ ला, त्या फक्त रिले चालू-बंद करतात. होल्डर चिनीमातीचा घ्यावा. हे सोडून लोक १००/९० वॅटचा बल्ब घालतात. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, आणि त्या वासावरून बायको विचारते की क्लच जळतोय का.

हॅलोजन बदलताना काचेला बोट लावू नये. बोटाचं तेल काचेवर राहतं, तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसावं. आपले मेकॅनिक मात्र बल्ब आधी ऑइलच्या हाताने खोक्यातून काढतात, मग फुंकर मारतात, मग शर्टाला पुसतात. श्रद्धेचा भाग आहे.

जुन्या १०० सीसीवाल्यांचं दुःख वेगळं. त्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाईट बॅटरीवर चालतच नसे, थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, एसीवर चाले. इंजिन फिरेल तेवढा उजेड. म्हणजे घाटात वळण आलं, आपण वेग कमी केला, की जिथे दिसायला हवं तिथेच दिवा मंद. मग क्लच दाबून रेस द्यायची. समोरच्याला वाटतं पोरगं माजलंय. पोरगं बिचारं कठडा शोधत असतं.

वळणाचा आणखी एक खोडसाळपणा आहे. डावीकडच्या वळणावर गाडी डावीकडे झुकते, तिच्याबरोबर झोतही. डावीकडची कड खाली जाते, म्हणजे जिकडे जायचंय तिकडे अंधार. उजवीकडची वर उठते, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या तोंडावर फ्लॅश. तो चिडून अप्पर मारतो. हे भौतिकशास्त्र आहे, आपण निर्दोष आहोत, पण आंबा घाटात खटला चालवायला वेळ नसतो.

भिंगातून झोत टाकणाऱ्या प्रोजेक्टर दिव्यांच्या नव्या गाड्यांत झोताची कड अगदी सुरीने कापल्यागत असते. सपाट रस्त्यावर समोरचा तिच्या वर सुखात असतो. खड्डा आला की कड उडून त्याच्या डोळ्यांवरून जाते आणि खाली येते. त्याला वाटतं आपण अप्पर मारला. तो उलट मारतो. पुढचा खड्डा, पुन्हा मारल्यासारखं. आपल्याकडचे राज्यमार्ग पाहता रात्रीत अशा बऱ्याच मैत्र्या होतात आणि तेवढीच वैरं.

या मारामारीला कसलंच व्याकरण नाही. एक अप्पर म्हणजे ‘मी येतोय, तू थांब’, किंवा ‘पुढे पोलीस आहेत’, किंवा ‘तुझा अप्पर खाली कर’, किंवा ‘ओळखलंस का, मी तुझ्या मेव्हण्याचा मित्र’. आणि दोन दिव्यांची गाडी असेल तर पाचवा अर्थ: ‘तुझा एक लाईट गेलाय!’ काही गाड्यांत डिपरला मुद्दाम एकच दिवा लागतो, दुसरा अप्परला. बीएमडब्ल्यूने २००९ साली एस १००० आरआरचे दोन दिवे तर वेगवेगळ्या आकाराचेच केले. इतके पैसे खर्चून माणूस तिरळ्या डोळ्यांची गाडी घेतो आणि पेट्रोल पंपावरचा पोऱ्या सांगतो, साहेब, शोरूमला दाखवून घ्या.

समोरचा अप्पर खाली करतच नसेल तर सूड म्हणून आपला वर करण्यात अर्थ नाही. आता दोन आंधळे एकमेकांकडे येत आहेत, एवढंच होतं. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर जाते आणि दिपलेले डोळे निवळायला काही सेकंद लागतात. वय वाढेल तसे जास्तच. वेग कमी करायचा, नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची. पट्टी नसेल तर जिथे ती असायला हवी होती तिथे. हेल्मेटची काच ओल्या फडक्यानेच पुसावी. कोरडी पुसून बारीक ओरखडे पडले की प्रत्येक दिव्याला बारा फाटे फुटतात आणि एका टेम्पोचे चार होतात.

एवढं करूनही ऊसतोडीच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडे रात्री कुणाचंच काही चालत नाही. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जात असतो. ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. रिकामा परत निघालेला ट्रॅक्टर एकटा असेल तर नांगरटीसाठी मागे बसवलेला फोकस भगभगीत चालू, थेट आपल्या तोंडावर. मागून अप्पर-डिपर करून काहीही उपयोग नाही. त्याच्याकडे गाणं इतक्या मोठ्याने लागलेलं असतं की त्याला वाटतं, मागच्याने ताल धरलाय. आणि तो आवाज आणखी वाढवतो.