साइटवर बंद लिहिलंय

सोमवारी सकाळी दुकान उघडून एका अर्धवट फ्रेमला खिळे मारत बसलो होतो, तर दारात एक गृहस्थ. काखेत गुंडाळलेलं चित्र, हातात मोबाईल, आणि आत यायला तयार नाहीत. म्हटलं या ना. तर म्हणाले, "आज बंद असतं ना तुमचं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. शटर वर, लाइट चालू, पंखा चालू, मी चालू.

"नाही हो, उघडंच आहे."

"पण तुमच्या वेबसाइटवर सोमवार बंद लिहिलंय."

आता लिहिलंय हे खरंय. सोमवारची सुट्टी मी दोन वर्षांपूर्वी गुरुवारवर नेली, दारावरची पाटी बदलली, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना कळवलं, साइटवर तेवढं राहिलं. का राहिलं त्यावर येतो.

"अहो ते जुनं आहे. मी मालक आहे, मी सांगतोय ना."

यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं, परत माझ्याकडे. पासपोर्टवरचा फोटो ताडून बघतात तसं. "पण तुम्ही यात नाहीये."

मोबाईल माझ्यापुढे धरला. 'आमची टीम'. कोट घातलेले तीन पुरुष आणि एक बाई एका लॅपटॉपकडे बघून पोट धरून हसतायत, बाईंच्या कानाला हेडफोन. हे लोक मी आयुष्यात पाहिलेले नाहीत. साइटच्या टेम्प्लेटबरोबर, म्हणजे तयार साच्याबरोबर, आले आणि राहिले. माझ्या टीममध्ये मी आहे आणि एक करवत आहे.

"हे सगळे कुठायत?"

"कोणी नाहीत हो ते."

"सोडून गेले?"

"आलेच नव्हते."

"हेडफोनवाल्या मॅडमसुद्धा नाहीत?" चेहराच पडला त्यांचा. "त्यांच्याशी बोललो असतो. समजूतदार वाटतात."

म्हणजे मी नाही वाटत. बरं.

"आणि ही तुमची गॅरंटी मला कळली नाही," म्हणाले, आणि दारात उभ्या उभ्या मोठ्याने वाचायला लागले, "लोरेम इप्सम डोलोर सिट अमेट..." 'आमची हमी' या मथळ्याखाली दोन परिच्छेद तो नमुन्याचा मजकूर तसाच पडून होता, जागा भरायला टाकतात तो, नंतर काढायचा असतो तो. रात्री चिडून शोधलं की हे आहे तरी काय. तर रोमच्या सिसेरोने इ.स.पू. 45 मध्ये लिहिलेल्या लॅटिनचे तोडलेले तुकडे निघाले, आणि मूळ वाक्याचा अर्थ साधारण असा की दुःख हे दुःख आहे म्हणून कुणालाच हवंसं वाटत नाही. म्हणजे माझ्या साइटवर एकच गोष्ट खरी लिहिली होती आणि ती लॅटिनमध्ये.

तरी मी धीर धरून म्हटलं, "गूगल मॅपवर बघा बरं, तिथे वेळ बरोबर आहे." ती मी स्वतः बदललीय, कारण ते लॉगिन माझ्याकडे आहे. त्यांनी बघितलं. उघडं आहे असं होतं.

"हो, पण मॅप गूगलचा. साइट तुमची. मी ऐकू कोणाचं?"

"माझं!"

"तुम्ही तर यात नाहीये."

शेवटी विचारलं, निदान आत तरी या, उन्हात का उभे? तर गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, "वर 'सुरक्षित नाही' असं लिहिलंय. म्हणून इथेच बरा."

हात टेकले. क्रोम ब्राउझर जुलै 2018 पासून प्रत्येक एचटीटीपी, म्हणजे कुलूप न लावलेल्या, साइटला पत्त्याच्या पट्टीत हा शेरा मारतो, त्याचा माझ्या दुकानाच्या छपराशी काही संबंध नाही हे त्यांना कसं समजावणार? आणि समजावून करायचं काय, ते कुलूप, म्हणजे लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं सर्टिफिकेट, फुकट मिळतं, ठरावीक मुदतीचं असतं, एकदा नीट लावलं की आपोआप नवं होत राहतं, म्हणजे हा शेरा पुसायला एक छदाम लागला नसता. लागतो फक्त पासवर्ड.

तर पासवर्ड. साइट ओळखीतल्या एका मुलाने करून दिली, डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्याच्याच ईमेलवर घेतलं, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, तीही तिथेच. मला तेव्हा वाटलं होतं बरंय, कटकट नाही. गृहस्थ दारात असतानाच त्याला फोन लावला. "काका, तो मेल मी वापरत नाही आता, आणि ओटीपी ज्या नंबरवर यायचा तो नंबरच बंद केला." हे त्याने इतक्या आनंदाने सांगितलं की मला तो टीमच्या फोटोतलाच वाटला. बरं, डोमेनची मुदत कधी संपते त्याच्या नोटिसाही त्याच मेलवर जाणार. डॉट कॉम संपलं की रजिस्ट्रार, म्हणजे नाव विकणारी कंपनी, देईल तेवढे सवलतीचे दिवस, मग 30 दिवस जादा पैसे भरून सोडवायचे, मग 5 दिवस नुसतं लटकलेलं, आणि मग माझं नाव कुणीही उचलून घेऊन जावं. दुकानाची किल्ली मी कधी कुणाला दिली नाही हो, आणि ही दिली.

त्या पोरालाही किती बोलणार? साइट करताना तो तीनदा म्हणाला होता, काका दुकानाच्या वेळा द्या, दोन ओळी द्या, तुमचा एक फोटो द्या. मी म्हटलं ते नंतर बघू, आधी सरकणारे बॅनर कर. पाच बॅनर, फोनमधून काढलेले फोटो जसेच्या तसे, एकेक पाच-पाच एमबीचा, आणि त्यावर सोनेरी अक्षरात माझा फोन नंबर. गृहस्थ म्हणाले, तुमचं पान उघडेपर्यंत मी अर्ध्या वाटेत आलो होतो, आणि नंबरवर बोट दाबदाबून दुखलं. लागणार कसा, तो नंबर नाहीच, चित्र आहे. साधा टाइप करून त्याला फोनची लिंक लावली असती तर दाबल्यावर फोन लागला असता आणि ही सगळी वरात दारात आली नसती. पण मला सोनेरी हवा होता.

तरीही राग आहे तो आहेच. हाडामांसाचा माणूस हातात हातोडी घेऊन सांगतोय की मी आहे, आणि समोरचा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणतो नाही आहात.

जाताना चांगले हसून म्हणाले, "गुरुवारी येतो. साइटवर गुरुवार चालू आहे."

गुरुवारी सुट्टी असते हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आज गुरुवार. सुट्टी मोडून शटर वर करून बसलोय. दोन तास झाले, गृहस्थ आलेले नाहीत. हेडफोनवाल्या मॅडमही नाहीत.