साडूची तलवार

क्वालिटीत नोकरी करणाऱ्या माणसाकडे नातेवाईक कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. वागळे इस्टेटमध्ये आमचा ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, बनवायचा कारखाना आहे, आमचा म्हणजे मालकाचा, मी आपला इन्स्पेक्शनला. दिवसभर माल रिजेक्ट करतो आणि त्याचा पगार घेतो, पण रविवारी तेच काम फुकटात करावं लागतं. कुणी कुकरचं झाकण आणतं, कुणी गिझरचा कॉइल, शेजारच्या काकूंनी तर होणाऱ्या जावयाने दिलेली अंगठी आणली होती, फक्त सोनं आहे की नाही एवढं सांगा म्हणाल्या. हे सगळं चालतं. पण साडूने तलवार घेतली आणि तिचं इन्स्पेक्शन माझ्या गळ्यात आलं तेव्हा मात्र नोकरी बदलावी असं पहिल्यांदा वाटलं.

सख्ख्या भावाला तोंडावर सांगता येतं की बाबा रे, भंगार आणलंयस. साडूला नाही. साडूला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत चार घरी पोचतं आणि पोचेपर्यंत त्याचं "ह्यांना आमचं कधी काही आवडतच नाही" असं झालेलं असतं.

तलवार पण साधी नाही, मध्ययुगीन युरोपातल्या नाइटची प्रतिकृती. ऑनलाइन, साडेआठ हजार. म्हटलं साडूभाऊ, आपल्या मराठा धोपेने काय घोडं मारलं होतं? तर म्हणाला धोप खारघरमध्ये सगळ्यांकडे आहे, आमच्याच विंगमध्ये तीन भिंतींवर लागलीय, आपलं काहीतरी वेगळं पाहिजे. आणि वर मलाच सुनावलं की रघुजी भोसल्यांची जी तलवार सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून आणली तिचं पातं तरी कुठलं होतं, युरोपचंच ना, आणि त्याला सरकारने ४७ लाखांच्या घरात पैसे मोजले. हे खरं आहे. युरोपियन पात्यांना आपल्याकडे तेव्हाही मान होता, मूठ मराठा आणि पातं विलायती अशा तलवारी सरदारांकडे असायच्या. त्यामुळे साडेआठ हजारात आपण जवळजवळ लूटच केली अशा आनंदात तो होता.

खारघरहून ठाण्याला ती आणली कशी हे ऐकण्यासारखं आहे. सासूबाई तेव्हा त्याच्याकडेच होत्या, तर तलवार त्यांच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली आणि गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना बसवलं, हिशोब असा की गाडी थांबवली तरी म्हातारीला कोण उठवतंय. विटाव्याच्या पुलाखाली नेहमीसारखं ट्रॅफिक लागलं आणि समोर हवालदार उभा, तेव्हा सासूबाईंनी नऊवारीवर तांदूळ निवडायची परात ठेवली म्हणे. परात गाडीत कशी आली हे कुणी विचारलं नाही.

तर आले, चहा झाला, तलवार सेंटर टेबलावर. आता इन्स्पेक्शनला स्पेसिफिकेशन लागतं, कशाशी ताडून बघायचं तेच माहीत नसेल तर रिजेक्ट तरी कशाच्या आधारावर करणार, म्हणून मी आदल्या रात्री जागून थोडं वाचून ठेवलेलं होतं (बायको म्हणाली पोरीच्या दहावीच्या वेळी एवढं वाचलं नाहीत). इवर्ट ओकशॉट म्हणून एक इंग्रज अभ्यासक होऊन गेला, त्याने मध्ययुगीन युरोपातल्या तलवारी आकारावरून लावून ठेवल्यात, रोमन आकड्यांत दहापासून बावीसपर्यंत प्रकार, दहाच्या आधीचे आकडे त्याहून जुन्या तलवारींचे. कुठलं पातं रुंद, कुठलं निमुळतं, खाच किती लांब, सगळं बघून तलवार साधारण कुठल्या काळातली ते कळतं. असा माणूस आमच्या स्टोअरला मिळाला असता तर काय हवं होतं.

साडूच्या तलवारीच्या खोक्यावर लिहिलेलं "बारावं शतक, टेम्प्लर नाइट". मुठीच्या बुडाच्या गोळ्यावर लाल क्रूस होता, तो टेम्प्लरांचा, म्हणजे क्रुसेडच्या धर्मयुद्धांत लढणाऱ्या नाइटांच्या पंथाचा, ते ठीक. पातं मात्र वरच्या अर्ध्यात खाच आणि खाली टोकाकडे धारदार कणा असलेलं, निमुळतं, म्हणजे ओकशॉटचा सोळावा प्रकार, चौदाव्या शतकातला. आणि पात्यावर लेझरने कोरलेलं नाव उल्फबर्ट! हे नाव नवव्या ते अकराव्या शतकातल्या तलवारींवर असतं. शिवकालीन नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसावं तसा प्रकार, फक्त इथे घड्याळासोबत मोबाइलही होता.

बरं, त्या उल्फबर्टचं स्पेलिंगपण चुकलेलं, शेवटची दोन अक्षरं उलटी. मी हे दाखवलं आणि इथे माझी वाट लागली. कारण मीच उत्साहाच्या भरात सांगून बसलो होतो की उल्फबर्ट हा त्या काळचा इतका चालणारा ब्रँड होता की तेव्हाच त्याचा डुप्लिकेट माल निघाला, युरोपभर अशा १७० च्या आसपास तलवारी सापडल्यात, काहींचं पोलाद अप्रतिम आणि काही नुसत्याच नावाच्या, आणि नकलीतल्या काहींवर नावाचं स्पेलिंगच चुकलेलं आहे. साडू उठून उभा राहिला. "म्हणजे हजार वर्षांपूर्वीसुद्धा स्पेलिंग चुकलेल्या तलवारी होत्या!" म्हटलं होत्या. "म्हणजे ही ओरिजिनल डुप्लिकेटची बरोब्बर कॉपी आहे!" ह्यावर काय बोलणार, तुम्हीच सांगा. मेव्हणीने लगेच तिच्या ग्रुपवर टाकलं पण.

वजनाला विमानाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा काढला. दोन किलो चारशे. साडूची छाती फुगली. पिक्चर आणि व्हॉट्सअपने लोकांच्या डोक्यात हे बसवलंय की जुन्या तलवारी जड होत्या, अमक्या राजाची चाळीस किलोची, तमक्याची साठ, अरे राजा लढणार कधी आणि उचलणार कधी? खरी एका हाताची युरोपियन तलवार किलो-सव्वा किलोच्या आसपास असायची, दोन हातांत धरायची लांब तलवारसुद्धा साधारण दीड किलोपर्यंत. ज्याचा जीव हातातल्या वस्तूवर आहे तो ती जड कशाला करेल. हे मी शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं. साडू म्हणाला, म्हणजे आपल्याला माल जास्त मिळाला.

मग व्हर्नियर काढला. मुठीजवळ पात्याची जाडी ५.१ मिलिमीटर, मध्यावर ५.१, टोकाजवळ ५. इथे मला मनापासून वाईट वाटलं, साडूसाठी नाही, त्या पात्यासाठी. चांगली तलवार मुठीशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जाते, पाच-सहा मिलिमीटरवरून निघून दोन-तीनवर, हे समोरून दिसत नाही, वरून डोळा लावून बघावं लागतं, आणि सगळी जादू त्यातच आहे, कारण त्यामुळे टोक हलकं होतं आणि वजन हाताकडे येतं. बोटावर तोलून धरली तर चांगल्या तलवारीचा तोल परजेपासून, म्हणजे मूठ आणि पात्यामधल्या आडव्या दांडीपासून, चार-सहा इंचांवर मिळतो. हिचा नऊ इंचांवर. म्हणजे फिरवली की ती तुम्हाला फिरवणार. पात्यातली ती लांब खाच पण नावालाच, अर्धा मिलिमीटर. ती रक्त वाहून जायला असते असं साडूने पोराला सांगून ठेवलेलं. रक्ताबिक्ताचा काही संबंध नाही, आय-सेक्शनच्या गर्डरसारखं मधलं लोखंड काढून पातं हलकं करायचं आणि ताठपणा तसाच ठेवायचा, एवढंच. हे ऐकून पोरगं फारच नाराज झालं.

नाराजी घालवायला त्याने फ्रिजवरचा लोहचुंबक आणून पात्याला लावला. चिकटला. "काका, स्टीलच्या डब्याला चिकटत नाही, ह्याला चिकटतो, म्हणजे हे हाय कार्बन!" पोरगं हुशार आहे, पण सुरीला वापरतात त्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो, त्यामुळे चुंबकाने काही सिद्ध होत नाही. मग मी कानस काढली आणि म्हटलं, परजेच्या अगदी लगत, दिसणार नाही अशा जागी, एकच हात मारतो. साडूने डोळे मिटले. चांगलं पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटक्यात थंड करून कडक केलेल्या पात्यावर कानस सहजी चालत नाही, चावलीच तर नाइलाजाने चावते. इथे ती लोण्यात गेल्यासारखी गेली आणि टेबलावर चकाकणारा कीस पडला. पातं स्टेनलेसचं, आणि त्याला पाणी दिलेलंच नव्हतं. मी काही बोलायच्या आत सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "लोहाराने फसवलंय." लोहार नाही हो आई, वेबसाइट, असं साडू म्हणाला.

एवढ्या लांब पात्याला स्टेनलेस नकोच. कडक केलं तर मोडायची भीती, नाही केलं तर वाकणार. चांगल्या प्रतिकृती स्प्रिंगच्या पोलादाच्या बनवतात, पाणी देऊन कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५० च्या आसपास आणलेल्या, वाकवून सोडल्या की परत सरळ. आमच्या कारखान्यातलं पाट्यांचं पोलाद, ईएन ४५, त्याच जातीचं. बायको चहाचे कप उचलता उचलता म्हणाली मग एक पाटाच लावा की भिंतीवर. आणि गंमत म्हणजे युरोप-अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मध्ययुगीन तलवारींच्या बऱ्याच प्रतिकृती आपल्या डेहराडूनला बनतात. हे सांगितल्यावर साडूचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "म्हणजे ही इंडियन आहे?" म्हटलं नाही हो, डेहराडूनची असती तर काय पाहिजे होतं.

मुठीबद्दल थोडक्यात. खऱ्या तलवारीत पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन बुडाच्या गोळ्यावर ठोकून पक्की केलेली असते, आपल्याकडे ती मुठीत लाखेने बसवायचे. हिचा गोळा मी हाताने फिरवला तर तो निघूनच आला. आत पेन्सिलीएवढा आट्यांचा रॉड, वेल्डिंग केलेला. गोळा आतून पोकळ, जस्ताचा, आणि मुठीवरचं अस्सल चामडं म्हणजे रेक्झिन.

इतकं झाल्यावर एखादा गप्प बसला असता. साडू म्हणाला, प्रत्यक्ष मारून बघू. मर्दानी खेळात तळहातावरचं लिंबू कापतात, आपण दुधी कापू. दुधी सासूबाईंनीच खारघरहून आणलेला. म्हटलं हिला धार नाही. मग लावून घेऊ म्हणाला. म्हटलं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार शस्त्र नियमांत येतं, घरगुती आणि शेतीची हत्यारं तेवढी वगळलीत. तर म्हणाला मग घरगुतीच ना, दुधीच तर कापतोय.

गच्चीवर गेलो. टाकीच्या कठड्यालगत स्टूल, स्टुलावर दुधी, पोरगं मोबाइल धरून. धार असो नसो, पातं आडवं न होता नेमकं कडेवर बसवणं हीच खरी विद्या, मर्दानी खेळातली पोरं त्यासाठी वर्षानुवर्षं मनगट घडवतात. साडू आयटीत आहे. त्याने दोन्ही हातांनी मागून आणून मारली, पातं सपाट बसलं, दुधी उडून शेजारच्या विंगच्या डिश अँटेनाला लागला आणि तलवार तशीच पुढे जाऊन कठड्यावर आपटली. दुधीला एक पोचा आला. तलवार मधोमध वाकली, आणि वाकलेलीच राहिली. साडूने ती गुडघ्यावर धरून सरळ केली, जवळजवळ सरळ. दुधीची संध्याकाळी भाजी झाली.

खाली आल्यावर मला वाटलं झालं एकदाचं. तर म्हणाला साडूभाऊ, एवढं बघितलंत तर लेखी द्या ना, तुमचा रिपोर्ट म्हणजे वजन असतं. मागून बायको डोळ्यांनी सांगत होती, तिची बहीण समोर, सासूबाई नऊवारीची घडी घालत होत्या पण कान इकडेच. आयुष्यात हजारो रिपोर्ट लिहिले असतील, एवढा वेळ कशाला लागला नव्हता. शेवटी लिहिलं: "वस्तू तपासली. फिनिश उत्तम. अक्षर सुवाच्य. भिंतीवर लावण्यास योग्य. लावल्यावर हलवू नये."

साडूने तो लॅमिनेट करून तलवारीच्या खाली लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला आधी रिपोर्ट वाचायला लावतो आणि मग सांगतो, "हलवू नये म्हणजे बघा, किती डेंजरस असेल."