पेशवे दफ्तर लंडनला गेलं म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड परवा चौथ्यांदा आला. ह्यावेळी मोठ्या काकांनी टाकला, खाली "जागे व्हा" आणि तीन भगवे झेंडे. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असणार. मजकूर थोडक्यात असा, की इंग्रजांनी पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, बोटीत भरून लंडनला नेलं आणि जे नेता आलं नाही ते जाळलं, उरलंसुरलं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात कुलपात पडलंय, तिथं सामान्य माणसाला आत घेत नाहीत कारण मूठभर लोकांना खरा इतिहास दडवायचाय, नव्व्याण्णव टक्के कागद कुणी वाचलेलेच नाहीत, मोडी वाचणारे दहाबारा जण उरलेत, आणि आता एआय आलंय तर महिन्यात सगळं वाचून होईल पण कुणाला करायचंच नाहीये.

मी इतिहासकार वगैरे नाही, पोटापाण्याचा धंदा वेगळाच आहे. हौस म्हणून मोडी शिकलो आणि मग नाद लागला एवढंच. त्यामुळे काका, रागावू नका, पण एकेक मुद्दा घेतो.

पहिला, लंडन. पेशवे दफ्तर पुण्यातच आहे. कौन्सिल हॉलजवळ ती जुनी दगडी इमारत आहे ना, सरकारी पुणे पुराभिलेखागार, तेच ते, जुने लोक अजून एलिएनेशन ऑफिस म्हणतात. सुमारे ३९ हजार रुमाल आहेत तिथं. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे हो, कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, एकेका रुमालात शेकड्यांनी कागद, म्हणजे हिशेब कोटींत जातो. आता इंग्रजांनी ते का नेलं नाही हा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि खरी गंमत तिथंच आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला, आणि त्याच्यापुढं पहिला प्रश्न होता वसुलीचा. कुठल्या गावाचा सारा किती, कुणाला इनाम, कुणाला वर्षासन, कुणाचं वतन खरं आणि कुणाचं बनावट, ह्याचं उत्तर ह्या कागदांशिवाय कुठंच नव्हतं. म्हणून त्यानं दफ्तर गोळा करून लावून घेतलं. पुढं इनाम कमिशन आलं, १८५२ चा कायदा झाला, गावोगावचे कागद मागवून तपासले गेले, त्यातला बराच भाग 'जमाव' म्हणून आजही त्याच दफ्तरात आहे. म्हणजे इंग्रजांनी हे कागद जपले ते आपल्या प्रेमापोटी नाही, लोकांची इनामं खालसा करायला पुरावा हवा होता म्हणून. तो लंडनला पाठवून त्यांना काय मिळणार होतं, रोज लागायचा तो इथं!

लंडनला काही नाहीच असं नाही. ब्रिटिश लायब्ररीत ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरत-मुंबईच्या वखारींचा पत्रव्यवहार आहे, काही मराठी हस्तलिखितंही आहेत. पण वखारीचे कागद मुळात कंपनीनंच लिहिलेले, ते तिकडं असणारच. त्यातला शिवाजी महाराजांबद्दलचा बराचसा मजकूर १९३१ मध्येच पुण्यात छापून आलाय.

जाळण्याचं काय, तर त्यात मात्र थोडा धूर आहे. साताऱ्याला ग्रँट डफ नावाचा कंपनीचा अधिकारी होता, त्यानं १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडी इतिहास काढला आणि वापरलेल्या कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचं लिहिलं. पुढं आपल्या लोकांनी त्या शोधल्या तर सापडेनात. तिथून डफनं कागद जाळले ही गोष्ट सुरू झाली. त्यात १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला, लोकांच्या डोक्यात ती आग आणि डफच्या हरवलेल्या नकला एक झाल्या असाव्यात, हा आपला माझा अंदाज. पण कागद सगळ्यात जास्त कुणी संपवले हे इतिहासकार वि. का. राजवाड्यांसारख्या कागद शोधत गावोगाव हिंडलेल्या माणसांना विचारायला हवं होतं. वाळवी, कसर, गळकं छप्पर, भाऊबंदकीत वाटून फाडलेलं दफ्तर, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेलेली रद्दी, आणि "मोडी कुणाला वाचता येतंय" म्हणून नदीत सोडलेल्या पेट्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत घरंच्या घरं वाहून गेली, त्यात माळ्यावरचं काय वाचलं असेल? ह्यावर फॉरवर्ड येत नाही कारण शिव्या द्यायला साहेब मिळत नाही.

दुसरा मुद्दा, मंडळ. आधी एक घोळ निस्तरतो. फॉरवर्डमध्ये फोटो लावलाय भांडारकर संस्थेचा. ती वेगळी, १९१७ ची, विधी महाविद्यालय रस्त्यावर, तिचं मोठं काम संस्कृत पोथ्यांचं आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतलं, ७ जुलै १९१० ला वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे ह्यांनी काढलेलं. आणि पेशवे दफ्तर ह्या दोन्हींचं नाही, ते सरकारचं. तीन पत्ते, तीन मालक. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं ह्यातल्या एकाही दारात पाय ठेवला नसावा.

मंडळात साधारण १५ लाख कागद आहेत, मोडी आणि फारसी, शिवाय हजारो पोथ्या, ताम्रपट, नाणी, जुनी चित्रं. हे काही लुटून आणलेलं नाही, घराण्यांनी दिलेलं आहे, कुणी आपणहून, कुणी शंभर वेळा दार ठोठावल्यावर.

आता दडवण्याचं. एकच उदाहरण देतो कारण ते पुरेसं आहे. महाराजांची जन्मतिथी बखरींच्या आधारानं वैशाख शके १५४९ अशी धरत होते. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, पुढं आली, लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली, आणि तिच्यात तिथी निघाली फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढं जोधपूरकडच्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातही हीच तिथी मिळाली. लोकांच्या सवयीची तिथी मोडणारा कागद हातात आला तर दडवणारा माणूस काय करेल? इथं छापला, वर्षानुवर्षं त्यावर भांडले, आणि आज सरकारी शिवजयंती त्याच तारखेला होते. काका, तुम्ही १९ फेब्रुवारीला जो फेटा बांधता ना, तो त्या दडवलेल्या कागदामुळे.

आणि कट करायला एकी लागते. इथं संस्थापक राजवाडेच पुढं मंडळापासून दुरावले आणि धुळ्याला गेले, तिथंच ३१ डिसेंबर १९२६ ला वारले, त्यांच्या नावानं धुळ्यात वेगळं संशोधन मंडळ उभं राहिलं, कागदपत्रांसकट. इतिहासवाल्यांचं एकमेकांशी काय पटतं हे त्यांची पाक्षिक सभा एकदा ऐकून बघा, एकजण तारीख चुकला तर दुसरा तिथल्या तिथं उठून सांगतो.

आत घेत नाहीत, ह्याचं उत्तर सोपं आहे. मंडळाच्या सभा होतात, त्रैमासिक निघतं, मोडीचे वर्ग होतात. पुराभिलेखागारात अर्ज करायचा, ओळखपत्र दाखवायचं, काय बघायचंय ते सांगायचं. हां, मॉलसारखं आत शिरून रुमाल सोडता येत नाही आणि येऊही नये, दोनशे वर्षांचा जुन्नरी कागद आहे तो, घामट हात लागले तर कडा सुटतात. "महाराजांचं काहीतरी दाखवा" म्हणून गेलात तर तिथला माणूस हतबलच होणार, कुठला रुमाल काढू? एक मात्र खरंय, इंग्रजी अमलात पेशवे दफ्तर अभ्यासकांना सहजी उघडं नव्हतं, इनामाच्या दाव्यांची भीती होती सरकारला. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी रेटा लावला, रियासतकार सरदेसाई कागद निवडायला बसले, आणि १९३० ते ३४ मध्ये निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. दार बंद असल्याची तक्रार नव्वद वर्षं जुनी आहे राव.

 

आता न वाचलेल्या कागदांचं, इथं जरा वेळ घेतो. नव्व्याण्णव हा आकडा कुणी मोजला देव जाणे, पण बहुतांश कागद छापलेले नाहीत हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण न छापलेलं म्हणजे दडवलेलं नाही. आणि त्यात असतं काय? लोकांना वाटतं प्रत्येक रुमालात एकेक पानिपत आहे. अहो, पेशवे दफ्तराचे भाग बघा: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, चिटणिशी. रोजकीर्द म्हणजे रोजचा जमाखर्च, घडणी म्हणजे तोच खातेवार लावलेला. प्रांत अजमास म्हणजे प्रांताच्या वसुलीचा अंदाज. पागा म्हणजे घोडे, त्यांचा दाणा, वैरण, नालबंदी. चमचमीत पत्रं आधीच्या लोकांनी वेचून छापली, मागं राहिला तो हिशेब. मला विचाराल तर खरा इतिहास तोच आहे, दुष्काळात कुठल्या गावाला किती सूट दिली, तुपाचा भाव काय, पूल पडला तर दुरुस्ती कुणाच्या खर्चानं. जपानहून अभ्यासक आले, मोडी शिकले आणि अशाच कागदांवर काम करून गेले. आपल्याला मात्र त्यात मसाला सापडत नाही म्हणून कंटाळा.

मोडी येणारे दहाबारा, हे तर साफ खोटं. पुराभिलेख खातं आणि मंडळ दोघंही वर्ग घेतात, बॅचा भरतात, निवृत्त शिक्षक, इंजिनियर, कॉलेजची पोरं, सगळे असतात. पण फॉरवर्डवाल्याला एक खरी गोष्ट सापडता सापडता राहिली. मुळाक्षरं येणं आणि कागद वाचता येणं ह्यात जमीन-अस्मान आहे. बाराखडी मला तीन आठवड्यांत आली. पण जुन्या कागदावरची तऱ्हा अशी, की आधी ओळ मारायची आणि मग बोरू न उचलता तिच्याखाली सगळं लिहीत सुटायचं, त्यामुळे शब्द कुठं तुटतो कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नाही, वर संक्षेप, रा॥ म्हणजे राजश्री हे ठीक, पण ता॥ कधी तालुका आणि कधी तागायत. त्यात फारसी शब्द.

आणि तारीख! कागदावर १७६२ असं कुणी लिहून ठेवत नाही. असतं 'सलास सितैन मया व अलफ', म्हणजे तीन, साठ, शंभर, हजार, झाले ११६३, हे सुहूर सन, म्हणजे तेव्हाची अरबी आकड्यांतली सालगणना, ते मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पुढं 'छ' घालून चांद्र महिन्याची तारीख, ती लावायला जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचं कोष्टक, उघडायची. पहिला अख्खा कागद मला एका शनिवारी सकाळी दहाला दिला होता, संध्याकाळी पाचला सात ओळी झाल्या होत्या आणि त्यातल्या दोन नंतर चुकीच्या निघाल्या. मी 'पागा' वाचलं होतं, ते 'बाग' होतं. घोडे समजून दिवसभर आंब्याची झाडं मोजली!

राहिलं एआय. काम चालू आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. आयआयटी रूरकीच्या लोकांनी मोडीचं देवनागरी करणारं मॉडेल मांडलं, त्यासाठी मोडी पानं आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संच तयार केला, दोन हजारांवर पानांचा. दोन हजार. समोर कोटी. आणि ही दोन हजार पानंसुद्धा आधी मोडी येणाऱ्या माणसांनीच वाचून द्यावी लागतात, तेव्हा मशीन शिकतं. शिवाय मशीनपुढं कागद जायला आधी रुमाल सोडा, कागद सरळ करा, फाटलेला सांधा, पुसून क्रम लावा, स्कॅन करा, कुठल्या रुमालातला कितवा ते नोंदवा, परत तसाच बांधा. महिन्यात म्हणे. महिन्यात तर नीट नोंदवलेले रुमाल हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. आणि 'बाग'चं 'पागा' मशीनही करणारच, फक्त ते पाचला घरी जात नाही, रात्रभर करत राहील.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, एवढं मोठं बघून आत्यानं अंगठा दिला आणि बाकी सगळे गप्प. तासाभरानं काकांचा वेगळा मेसेज आला, मला एकट्याला. गावच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, आजोबांच्याही आधीची, त्यातल्या एका कागदाचा फोटो होता, अर्धा हललेला, कडेला काकांचा अंगठा. मी बसलो रात्री. वरची ओळ लागली, साल लागलं, खाली कुणाकडून तरी बी-बियाण्याला घेतलेलं धान्य आणि ते फेडायची मुदत, एक नाव मात्र काही केल्या लागेना. तसं कळवलं.

"महाराजांचं काही नाही का रे?" काकांनी विचारलं.

नाही म्हटलं काका, पण पेटी उन्हात ठेवू नका आणि डांबरगोळ्या कागदाला चिकटतील अशा टाकू नका, मी दिवाळीत येतो.