खांबावरच्या पांढऱ्या पेटीबद्दल खुलासा

‘पूर्व भागात खांबावर लावलेल्या पांढऱ्या पेट्या आपलं बोलणं रेकॉर्ड करतात’ असा मेसेज सोलापुरात फिरतोय. आमच्या गल्लीतली पेटी हवेतली धूळ मोजायला आम्हीच लावली आहे, म्हणून ठामपणे सांगतो: तिच्याबाबत हे खोटं आहे.

काल संध्याकाळी ती सगळ्यांसमोर उघडली. आत चिमुकला पंखा हवा ओढतो, त्या हवेतून लेसरचा किरण जातो आणि धुळीवरून विखुरलेल्या उजेडावरून २.५ मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांचा अंदाज निघतो. माइक नाही, कॅमेरा नाही. यंत्रमागाच्या शेडशेजारी राहणाऱ्यांना हा आकडा कळायलाच हवा.

पण शंका घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. आवाज मोजणाऱ्या यंत्रांत माइक असतोच. असं यंत्र नुसते डेसिबल, म्हणजे आवाजाची पातळी, नोंदवतं की बोलणंही साठवतं, हे खांबाखाली राहणाऱ्यांनी विचारलंच पाहिजे. आम्हीही आधी पेटी लावली आणि मग सांगितलं, ही आमची चूक. समोरच्या मावशींनी विचारलं, ‘आकडे जातात कुणाकडं?’ त्याचं उत्तर आता पेटीखाली मोठ्या अक्षरांत लावलंय. दमट हवेत आकडा फुगतो, हेही त्यात लिहिलंय.