रात्रपाळीची भूक
‘भूक आवरणं हा निव्वळ मनोनिग्रहाचा भाग’ हे तुमच्या भुकेवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कामाला. दिवसपाळीच्या आठवड्यात दोन पोळ्यांत भागतं. रात्रपाळी सुटली की सकाळी सातला मिसळीवर चार पाव जातात, तर्री दोनदा मागवतो, आणि घरी येऊन पोह्यांची कढई खरवडतो ती वेगळीच. माणूस तोच, मनही तेच!

झोप तुटली की जठरातून येणारं, भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि चरबीतून ‘पुरे’ असा निरोप धाडणारं लेप्टिन घटतं, असं काही अभ्यासांत आढळलंय. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोतल्या अभ्यासात धडधाकट तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा हेच दिसलं होतं. लेखात झोपेचा साधा उल्लेखही नाही.